केवळ हवा खाण्यासाठी

शेखसाहेब रोज कचेरीत सायकल घेऊन यायचे, पण सायकलवरून यायचे नाहीत. डाव्या हातानं हँडल धरून, रस्त्याच्या कडेकडेनं ते तिला चालवत आणायचे. पुढच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधलेली असायची. ती चिंधी खाली आली की साहेबांचे ओठ हलायचे. नवख्या माणसाला वाटायचं, गृहस्थ जप करतायत. पण साहेब मोजत असायचे. चाकाचा एक फेरा म्हणजे सात फूट चार इंच. घर ते कचेरी, कचेरी ते पाण्याची टाकी, टाकी ते मशीद, सगळं त्यांनी असं चाकानं मोजून ठेवलेलं.

"साहेब, आता वर बसा की," असं कुणी म्हटलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बसलो तर मोजणार कोण?"

या उत्तरावर आम्हा सगळ्यांचं बरीच वर्षं समाधान झालं होतं.

ते आमच्या नगरपालिकेचे ओव्हरसियर. मी आवक-जावक कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो ज्याचा असेल त्याच्या टेबलावर ठेवायचा, एवढंच माझं काम. आमची टेबलं समोरासमोर होती, म्हणून मला ते जवळून दिसले. गाव प्रवरेच्या काठचं, श्रीरामपूर स्टेशनापासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण नगरपालिका अजून त्याच इमारतीत आहे आणि काही खुर्च्यासुद्धा त्याच आहेत. दिवस लढाई संपत आल्याचे. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती. सरकारी कागद मात्र भरपूर येत होते.

शेखसाहेब उंच, वाळके, जरा पुढं झुकलेले. खाकी कोट बारा महिने. दुपारी शेंगदाणे आणि गुळाचा खडा खायचे आणि ज्या कागदात ते बांधून आणलेले असायचे तो नीट घडी करून खिशात ठेवायचे. आवाज कधी चढवला नाही. पण त्यांचं एक वाक्य होतं आणि त्या वाक्यानं अध्यक्षांचा पारा चढायचा. "पायांनी ठराव आधीच केलाय, साहेब. आपण फक्त सही करायची."

या वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो बाजारतळाच्या भिंतीपायी. नगरपालिकेनं बाजारतळाला भिंत घातली. लोक एका ठरावीक जागी तिच्यावरून उड्या मारून जाऊ लागले. अध्यक्षांनी भिंत दोन वीट वाढवायला सांगितली. शेखसाहेबांनी तिथं जाऊन एक दिवस नुसतं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर त्या जागी तीन हात भिंत उतरवून वाट केली. अध्यक्ष लालेलाल झाले. "भिंत पाडली कुणाच्या हुकुमानं?"

"लोकांनी पाडलीच होती, साहेब," शेखसाहेब म्हणाले, "फक्त विटा तेवढ्या उभ्या होत्या."

आमचे अध्यक्ष अडत व्यापारी. मनानं वाईट नव्हते. त्यांना गावाचं भलं व्हायला हवं होतं आणि ते आपल्या हातून झालं असं दगडावर कोरलेलं हवं होतं. एवढी इच्छा असली की माणसाच्या हातून काय वाटेल ते होऊ शकतं.

सायकलवाटेचं झालं ते असं. एक गोरा साहेब दौऱ्यावर आला होता. नदीच्या घाटावर त्याला चहा दिला. चहा पिताना त्याला आपल्या मुलखाची आठवण आली असावी. तो म्हणाला, आमच्याकडं नदीकाठानं वाटा असतात, रविवारी लोक सायकलीवर बसून नुसती मौज म्हणून हिंडतात. तुमचा काठ त्याहून छान आहे. अध्यक्षांना इंग्रजीतलं 'छान' तेवढं कळलं. बाकीचं चीफ ऑफिसरनं रात्र जाऊ देऊन सकाळी मराठीत समजावलं. पुढच्याच सभेत ठराव आला. "गावातील लोकांस करमणुकीसाठी नदीकाठाने सायकलवाट करण्यात यावी."

सभेत एक जुने शेतकरी सभासद होते. त्यांनी विचारलं, "करमनूक म्हंजी तिथं जाऊन करायचं काय?"

"सायकलवर बसायचं, हवा खायची," अध्यक्ष म्हणाले.

"आन् मंग?"

"मग परत यायचं."

"कुटं जायाचंच न्हाई?"

"नाही."

सभासदांनी जरा विचार केला. "म्हंजी जिथं जायाचं न्हाई तिथं जायाला रस्ता. करा, करा. आमचं काय म्हननं न्हाई."

ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या वेळी गावात सायकली किती, तर दोन्ही हातांची बोटं पुरून उरावीत इतक्या. त्यातल्या बहुतेक किसनच्या सायकली भाड्यानं द्यायच्या दुकानात, आणि त्यातली जिची चेन पडत नाही अशी एकच. ती किसन स्वतः वापरायचा.

काम अर्थातच शेखसाहेबांकडं आलं. मला वाटलं, ते हसतील. पण त्यांनी कागद दोनदा वाचला, खिडकीकडं धरून पाहिला आणि म्हणाले, "भाऊराव, फुकट हिंडायला वाट करायची असं सरकार पहिल्यांदाच म्हणतंय. नीट केली पाहिजे."

तीन आठवडे ते सायकल हातात धरून नदीकाठी चालत होते. परटांना विचारलं, पूर कुठवर येतो? परटांनी दाखवलं. तरी ते बाभळींच्या फांद्यांत अडकून वाळलेलं गवत शोधत फिरले. गवत जिथं अडकलंय तिथवर पाणी आलेलं, म्हणून वाट त्याच्या वर. काळी माती चाकाला चिकटते, तिथं मुरूम. चढ असा हवा की म्हाताऱ्यालासुद्धा उतरावं लागू नये. आणि बाभळी तोडायच्या, कारण काटे. यावर किसननं लगेच लेखी अर्ज दिला, की बाभळी ही गावाची शोभा असून त्या तोडल्यास नागरिकांच्या भावना दुखावतील. अर्जावर मी शिक्का मारला. पंक्चर काढायचा दर त्यात लिहिलेला नव्हता.

अध्यक्षांनी मात्र नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारली. रेघ दोनदा नदीतून गेली.

"साहेब, इथं पाणी आहे," शेखसाहेब म्हणाले.

"नकाशात तर जागा दिसतेय."

"नकाशात पाणी वाहत नाही, साहेब."

शेवटी वाट झाली ती शेखसाहेबांच्या मनासारखी. घाटापासून निघून, नदीच्या वळणावळणानं, वरच्या वस्तीपर्यंत. तिथं पूर्वीपासून एक पाऊलवाट होतीच. त्यांनी तीच रुंद केली, मुरूम टाकला, बैलांकरवी दगडी रोलर फिरवला. घाटावर अध्यक्षांच्या नावाचा दगड बसला.

उद्घाटनाला किसनच्या सायकलला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दोन शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरून अध्यक्षांना वर बसवलं. बसल्यावर अध्यक्षांना जरा धीर आला. ते मोठ्यानं म्हणाले, "ओव्हरसियर, तुम्ही सायकलवर पुढं व्हा. वाट दाखवा."

शेखसाहेब जागेवरून हलले नाहीत. "मी चालतच पुढं होतो, साहेब."

"चालत? सायकलवाटेवर? अहो, बसा!"

सगळं गाव बघत होतं. शेखसाहेबांनी हँडल घट्ट धरलं आणि एखादी मोजणीची चूक कबूल करावी तसं म्हणाले, "मला सायकल येत नाही."

क्षणभर कुणाला कळेना, मग अख्खा घाट हसला. शेखसाहेबही थोडे हसले. बाकी लोकांइतकं त्यांना ते गमतीचं वाटलं नव्हतं, हे मला त्यांच्या कानाकडं पाहून कळलं. कान लाल झाले होते. तशीच मिरवणूक निघाली. पुढं सायकल हातात धरून चालणारे ओव्हरसियर, मागं शिपायांनी सावरलेले अध्यक्ष, त्यांच्या मागं बँड. एवढ्यात समोरून घंटी वाजली. मिशनच्या दवाखान्यातल्या रूथबाई नर्स वस्तीवरचं बाळंतपण उरकून, मागं पेटी बांधून, झपाझप सायकल मारत येत होत्या. "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" म्हणत त्या मधून निघून गेल्या. बँडवाले नदीच्या बाजूला उतरले. त्या दिवशी त्या वाटेवरून खरोखर सायकल चालवली ती एकट्या रूथबाईंनी.

त्यानंतर वाट चालू लागली, म्हणजे लोक तिच्यावरून चालू लागले. परटिणी धुणं घेऊन, वस्तीवरचे लोक भाजी घेऊन, शाळेतली पोरं, कडब्याचे भारे, शेळ्या. पावसातही पाय रुतत नव्हते. रूथबाईंचा वस्तीचा फेरा निम्म्या वेळात होऊ लागला. सगळे खूश होते आणि कुणाचीही करमणूक होत नव्हती.

वर्षभरानं वरून विचारणा आली. "सदर सायकलवाटेचा लोकांनी करमणुकीसाठी कितपत लाभ घेतला याचा अहवाल पाठवावा." अध्यक्षांनी शेखसाहेबांना बोलावलं. "लिहा, रोज शेकडो लोक हवा खातात. असंच दुसऱ्या काठालाही मंजूर करून घेऊ."

"मोजून लिहितो, साहेब."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "शेखसाहेब, कशाला मोजता? कोण बघायला येणार आहे? शेकडो लिहा आणि मोकळे व्हा."

"शेकडो असतील तर मोजण्यातही शेकडोच येतील ना?" ते म्हणाले.

सात दिवस, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, ते घाटाजवळच्या लिंबाखाली दोन गाडगी घेऊन बसले. कामासाठी जाणारा दिसला की एका गाडग्यात चिंचोका. हवा खाणारा दिसला की दुसऱ्यात गजगा. चिंचोक्यांचं गाडगं रोज रिकामं करावं लागायचं. गजगे सात दिवसांत पडले तीन. एक किसनचा. एक परगावच्या पाहुण्याचा, तो वाट चुकला होता असं नंतर कळलं. तिसरा कुणाचा, असं मी विचारलं तर म्हणाले, "माझा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वारा फार छान सुटला होता. खोटं कशाला बोला?"

अहवाल त्यांनी स्वच्छ लिहिला. वाट उत्तम आहे, लोकांना अतिशय उपयोगी आहे, परंतु ज्या हेतूसाठी केली तो हेतू साध्य झालेला नाही. वर जाण्याआधी कागद अध्यक्षांपुढं गेला आणि अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. मंजुरी करमणुकीची, आणि वाट वापरली जातेय कामाला! हा गैरवापर झाला. कुणी म्हणालं, अहवाल फाडा. पण शेखसाहेबांनी त्याला माझ्याकडून आवक नंबर पाडून घेतला होता. तेव्हा अध्यक्षांनी निराळा उपाय काढला. अहवाल बदलता येत नसेल तर लोक बदलायचे.

आठवड्याभरात घाटाजवळ पाटी लागली. "ही वाट केवळ हवा खाण्यासाठी आहे. कामासाठी जाणारांस सक्त मनाई." पाटीशेजारी आडवा बांबू, त्याला कुलूप, दोन्ही अंगांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि सखाराम शिपाई.

पहिल्या दिवशी लोक गांगरले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना युक्ती सापडली.

"कुठं निघालास?" सखाराम विचारायचा.

"हवा खायाला."

"डोईवर काय हाय?"

"वांगी हायत."

"हवा खायाला वांगी कशाला लागत्यात?"

"त्यास्नी बी हवा लागती की! कोंदटली म्हंजी नासत्यात."

सखाराम बांबू उचलायचा. एक परटीण तर रोज त्याला बजावून जायची, "म्या लई हवा खाती बरं का, दिसातनं चार येळा. धुनं संगं हाय म्हून काय झालं?" अध्यक्ष हरखले. "आता मोजा," ते शेखसाहेबांना म्हणाले. शेखसाहेबांनी पुन्हा मोजलं आणि लिहिलं, "वाटेने जाणारे सर्व जण हवा खाण्यासाठीच जातात, असे ते सांगतात. सोबत वांगी, धुणे, कडबा व एक म्हैस." आम्ही तो कागद कचेरीत एकमेकांना वाचून दाखवला आणि पोट धरून हसलो. मीही हसलो. त्या महिन्यात आमच्या कचेरीत जितकं हसणं झालं तितकं आधी कधी झालं नव्हतं.

मग ती दुपार आली. वस्तीवर एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. नवरा धावत दवाखान्यात आला. रूथबाई पेटी घेऊन सायकलवरून घाटावर पोचल्या.

"कुठं, बाई?" सखारामनं विचारलं.

"बाळंतपणाला," रूथबाई म्हणाल्या. त्या घाईत होत्या. हवेचं नाव घ्यायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नेमकं त्या दिवशी सकाळीच अध्यक्षांनी सखारामला झापलं होतं, की म्हैस सोडलीसच कशी? तो म्हणाला, "बाई, जरा थांबा. इचारून येतो." किल्ली कमरेला, आणि तो अध्यक्षांच्या घरी. अध्यक्ष जेवून आडवे झाले होते. त्यांना उठवायला घरात कुणी धजेना. सखाराम ओसरीवर उभा राहिला. इकडं रूथबाईंनी वाट पाहिली, काट्यांतून सायकल ओढून पाहिली, हात ओरबाडून घेतले आणि शेवटी मागं फिरून गाडीरस्त्यानं गेल्या. त्या रस्त्याला ओढा आडवा. सायकल उचलून पाण्यातून जावं लागलं.

बाई वाचली. मूल वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी रूथबाई कचेरीत आल्या, आणि थेट शेखसाहेबांच्या टेबलाशी. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"शेखसाहेब, मूल वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येत नाही. पण तुमच्या वाटेनं गेले असते तर वेळेत पोचले असते. वाट चांगली केलीत तुम्ही. एवढंच सांगायला आले."

त्या गेल्या. शेखसाहेबांनी शेंगदाण्यांची पुडी सोडली होती, ती तशीच बांधली. मग म्हणाले, "भाऊराव, तुमचं ऐकून शेकडो लोक हवा खातात असं लिहिलं असतं, तर पाटी लागली नसती."

खोटं लिहा असं सांगणारा मीच होतो, आणि त्या क्षणी मला त्याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते उठले. कोठीतून पहार घेतली, सायकलच्या हँडलला आडवी बांधली आणि ऊन माथ्यावर असताना घाटाकडं चालू लागले. मी मागून गेलो, जरा अंतर ठेवून. त्यांनी आधी बांबू काढला, मग काट्या उचलून नदीत टाकल्या, मग पाटीचं बूड खणायला घेतलं. त्यांच्या हातात जोर नव्हता. घामानं कोट पाठीला चिकटला. सखाराम जवळ उभा होता, डोळे सुजलेले. शेवटी त्यानंच पहारीला हात लावला. "तुमी एकट्यानं काडली म्हना, साहेब," तो म्हणाला, "माजी पोरंबाळं हायत."

"मी एकट्यानंच काढली," शेखसाहेब म्हणाले.

कचेरीत येऊन त्यांनी कागद लिहिला आणि माझ्यापुढं ठेवला. "सायकलवाटेवरील पाटी व बांबू मी काढले आहेत. कोणाच्याही हुकुमाने नव्हे. वाटेने जाणारास तो कशासाठी जातो असे विचारू नये, अशी शिफारस आहे." मी शाई वाळायच्या आत शिक्का मारून नंबर घातला. असा कागद आलाच नव्हता असं उद्या कुणाला म्हणता येऊ नये म्हणून. तीस वर्षांच्या नोकरीत मी केलेलं धाडस म्हणायचं तर एवढंच.

अध्यक्षांनी माफीपत्र मागितलं. चूक झाली असं लिहा, पाटी पुन्हा उभी करा, प्रकरण मिटवू. शेखसाहेब म्हणाले, "चूक झाली हे लिहितो. कुठली, ते मी ठरवीन." त्यांनी लिहिलं, "अहवाल खरा लिहिला. परंतु तो कोण वाचणार आहे, याचा विचार केला नाही. ही माझी चूक." खाली राजीनामा. पाटी काही पुन्हा लागली नाही. एकदा काढलेली पाटी लावायची तर ओव्हरसियरची सही हवी होती, आणि नवा ओव्हरसियर यायला दोन वर्षं लागली. तोवर राज्यही बदललं, अध्यक्षही बदलले. वाट मात्र कागदोपत्री बराच काळ 'करमणूक' या सदरातच राहिली. म्हशी तिच्यावर निर्धास्त करमणूक करून घेत होत्या.

शेखसाहेब बायकोला घेऊन कर्जतकडं मेव्हण्याकडं गेले, एवढंच कळलं. पुढं दोन-तीन वर्षांनी पुतणीच्या सोयरिकीसाठी मी कर्जतला गेलो होतो. बाजाराचा दिवस. गर्दीत एका लहानशा दुकानात ते दिसले. मेव्हण्याचं अत्तर-सुरम्याचं दुकान होतं. खाकी कोट गेला होता, दाढी पांढरी झाली होती. मला पाहून उठले, स्टूल पुढं केलं. "या, भाऊराव. अजून शिक्के मारताय?"

मी बसलो. त्यांनी चहा मागवला. पोरीबाळींची चौकशी केली. सखारामची केली. मला वाटेबद्दल सांगायचं होतं, तिचं आता किती कौतुक होतं, नव्या अध्यक्षांनी तिच्यावर मुरूम टाकला. पण त्यांनी ते ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं, पण मध्येच विचारलं, "त्या बाईला पुढं मूल झालं का हो?"

मला माहीत नव्हतं. गावातला प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जायचा, पण ही गोष्ट कुठल्या कागदावर आली नव्हती आणि मी कधी कुणाला विचारली नव्हती. तसं मी सांगितलं.

"कळवा," ते म्हणाले, आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

परत आल्यावर मी वस्तीवर गेलो. मुलगी झाली होती, चालायला लागली होती. त्याच दिवशी मी कार्ड टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि त्यानंतर आमची भेटही झाली नाही. माझ्याजवळ राहिलंय ते त्या बाजारातलं. मी निरोप घेऊन गल्लीच्या टोकाशी गेलो आणि वळून पाहिलं. कुणी शेतकरी लग्नासाठी स्वस्तातलं अत्तर घ्यायला आला होता. शेखसाहेब त्याच्या मनगटावर फाया घासत होते, आणि तो मनगट नाकाशी नेऊन लहान पोरासारखा हसत होता. शेखसाहेबांचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. ते माझ्याकडं पाहत होते. हा माणूस खरंच वस्तीवर जाऊन विचारील का, याचा अंदाज घेत असावेत.